जयगडची फेरी आणि वाजणारी चेन

जयगडला मी किल्ला पाहायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे. नाही तर दिवाळी अंकातला प्रवासलेख म्हटला की वाचक बुरुजांची संख्या आणि तटाची उंची ऐकायच्या तयारीने बसतो. मला जयगडहून फक्त पलीकडे जायचे होते. पलीकडे म्हणजे खाडी ओलांडून तावसाळला आणि तेथून हेदवीला. हेदवीला माझी थोरली बहीण राहते. गेल्या वर्षीची भाऊबीज होती, आणि सात वर्षे मी भाऊबीजेला तिच्या दारात उभा राहिलो नव्हतो.

न जाण्याला भांडणबिंडण असे काही कारण नव्हते. भांडण असते तर निदान मिटवता तरी आले असते. पहिल्या वर्षी शाळेचे पेपर तपासायचे राहिले होते, दुसऱ्या वर्षी सौभाग्यवतीची कंबर धरली, तिसऱ्या वर्षी नुसताच कंटाळा, आणि पुढे सवय. ओवाळणी मात्र मोबाइलवरून न चुकता जात असे. गेल्या वर्षी आक्काने ते पैसे परत पाठवले. सोबत एका ओळीचा निरोप होता : ‘पैशाला ओवाळता येत नाही.’

आता एवढ्यावर कोणीही शहाणा माणूस एसटीचे तिकीट काढील. पण निवृत्तीनंतर मी गिअरची सायकल घेतली होती, आणि साठी उलटलेल्या माणसाने नवी वस्तू घेतली की ती चार लोकांना दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तेव्हा सायकल आगगाडीच्या मालडब्यात घालून रत्नागिरी गाठायची आणि तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने थेट आक्काच्या अंगणात जाऊन घंटी वाजवायची, असा बेत ठरला. नरकचतुर्दशीला पहाटे मी स्वतः न्हालो आणि उरलेले खोबरेल सायकलच्या चेनवर सढळ हाताने ओतले. तिलाही अभ्यंगस्नान! घरच्या मंडळींनी कौतुक केले. कौतुक करणाऱ्यांत चेनचे कळणारे कोणी नव्हते.

भाऊबीजेच्या दिवशी उजाडता उजाडता रत्नागिरीला उतरलो. उतरवताना सायकल माझ्याच हातून निसटली आणि उजव्या अंगावर आडवी झाली. फारसे खरचटलेले दिसेना. मी झटकली, इकडेतिकडे पाहिले आणि कोणी पाहिले नाही याचा आनंद मानून निघालो.

शिरगाव मागे पडले, साखरतरचा पूल गेला, काळबादेवी गेली, आणि आरे-वारेचा तो प्रसिद्ध चढ आला. एका बाजूला डोंगराची जांभ्याची कूस आणि दुसऱ्या बाजूला खाली अथांग समुद्र. गाडीतून जाणाऱ्याला हा रस्ता पाच मिनिटांत संपतो. सायकलस्वाराला तो दमादमाने भोगावा लागतो. येथेच प्रथम आवाज आला. पायडलाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ‘टक’. तो कानाआड करतो न करतो तोच मागून ‘चर्र’ सुरू झाले. चढाला हलका गिअर टाकला, तर चेन चढता चढेना. दोनदा खटका दाबला तेव्हा एकदम दोन घरे उडाली आणि मी जवळजवळ हँडलवर आपटलो.

अशा वेळी थांबून पाहणे हे शहाणपणाचे. मी वेग वाढवला. आवाजापासून पळता येते, असा काहीसा माझा समज असावा.

गणपतीपुळ्याला वाळूत सायकल लोटत नेऊन श्रींचे दर्शन घेतले. मालगुंडला कवी केशवसुतांच्या स्मारकापाशी पाणी प्यालो. 1866 साली याच गावात ते जन्मले. जुने जाऊ द्या म्हणणाऱ्या कवीच्या दाराशी माझी नवी कोरी सायकल म्हाताऱ्या बैलगाडीसारखी कुरकुरत उभी होती. वरवड्याचा पूल, नांदिवडे, समुद्राकाठचा कऱ्हाटेश्वर असे करीत दुपार कलती झाली तेव्हा जयगडच्या उतारावर पोचलो. रत्नागिरीपासून सुमारे 45 किलोमीटर झाले होते. शेवटचे दहा तर मी एकाच गिअरवर काढले, कारण बाकीच्या सात गिअरांनी माझ्याशी बोलणे टाकले होते.

जयगडला शास्त्री नदी समुद्राला मिळते. मुखावर कड्यावर किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी पाण्यालगत पडकोट. विजापूरकरांच्या अमदानीत 16 व्या शतकात तो बांधला गेला, पुढे आंग्र्यांकडे आला आणि 1818 साली इंग्रजांच्या हाती गेला. आता खाडीच्या या बाजूला नवे बंदर झाले आहे, वीजकेंद्राची चिमणी दुरून दिसते. पण धक्क्यावरचे मासेमारीचे मचवे, सुकत घातलेली जाळी आणि डिझेलमिश्रित खारा वास पाहिला की जयगडचा मूळ धंदा कोणता, हे सांगावे लागत नाही.

फेरीबोट नुकतीच पलीकडे गेली होती. ती परत येऊन पुन्हा सुटायला तासभर तरी होता. ती गाठली तर दिवे लागायच्या सुमारास हेदवी. तीही चुकली आणि सायकलने जवाब दिला, तर राई-भातगावच्या पुलावरून लांबचा वळसा, तोही गाडी मिळाली तर. मी सायकल भिंतीला टेकवली आणि पाना काढला. पाना काढला म्हणजे काही तरी केल्यासारखे वाटते. कोणता नट पिळावा, हे ठाऊक नव्हते, म्हणून हाताला लागेल तो पिळू लागलो.

“मास्तर, तो नको.”

मागे वळून पाहिले. मचव्याच्या इंजिनाचे झाकण उघडून बसलेले एक वयस्क गृहस्थ फडक्याला हात पुशीत उठत होते. डोक्यावर जाळीची टोपी, दाढी पांढरी, बोटे तेलाने काळी. धक्क्यावरची पोरे त्यांना चाचा म्हणत होती. मीही तेच म्हणू लागलो.

“मी मास्तर आहे, हे कसं ओळखलंत?” मी विचारले.

“चुकलेल्या पोराचा कान धरावा तसा नट धरलाय तुम्ही,” चाचा म्हणाले. “सोडा त्याला. आधी आवाज ऐकू.”

ते इंजिनाचे मिस्त्री. सायकल त्यांच्या धंद्यातली नव्हे. परंतु जे फिरते ते कोठे घासते, एवढे कळले की पुरे, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी हातात हत्यार म्हणून धरले नाही. मला सांगितले, “त्या उतारावरून या. अर्ध्यावर पाय थांबवा.”

मी आलो. पाय थांबवले तसा आवाजही थांबला.

“चाकात दोष असता तर पाय थांबले तरी वाजला असता,” चाचा म्हणाले. “म्हणजे दुखणं पायडलापासून मागच्या दात्यांपर्यंत. अर्धी सायकल सुटली. आता पिशवी काढा.”

पिशवीचा काय संबंध, मला कळेना. काढली. पुन्हा आलो. पायडलाच्या प्रत्येक फेऱ्याला होणारी ती ‘टक’ नाहीशी झाली होती. पिशवीच्या पट्ट्याचे लोखंडी बक्कल प्रत्येक वेळी माझी मांडी खाली जाताच सीटच्या नळीवर आपटत होते. सकाळपासून मी ज्या आवाजाने हैराण होतो, तो सायकलचा नव्हताच!

“एक गेला,” चाचा म्हणाले. “किती होते?”

मी तीन सांगितले. मग त्यांनी माझ्या पिशवीतल्या पूजेच्या सामानाचा लाल दोरा मागून घेतला आणि चेनच्या एका कडीला गाठ मारली. सायकल उलटी करून पायडल सावकाश हाताने फिरवले. तीन फेऱ्यांनी एकदा ‘टिक’. पुन्हा तीन फेऱ्या, पुन्हा ‘टिक’. आणि प्रत्येक वेळी लाल दोरा एकाच ठिकाणी.

येथे माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. पुढच्या चकतीला 38 दाते. चेनच्या कड्या मोजल्या, 114 भरल्या. 38 त्रिक 114. म्हणजे पायडल तीनदा फिरले की चेन एकदा पुरी फिरते. तेव्हा तीन फेऱ्यांनी एकदा येणारा आवाज चेनच्या एकाच कडीचा असला पाहिजे. पायडलाचा असता तर दर फेऱ्याला आला असता. चाचांना हे गणित नको होते, त्यांना दोरा पुरला होता. पण त्यांनी मान डोलावली.

ती कडी बोटांनी वाकवून पाहिली तर ताठ. खाऱ्या हवेने आत गंज धरलेला. चाचांनी ती पिनेच्या दोन्ही बाजूंनी धरून आडवी अशी हलके हलके मोडली, सैल केली. मग चेनवरून बोट फिरवून माझ्यापुढे धरले. खोबरेल आणि वाळूचा काळा चिखल.

“हे काय?”

“अभ्यंगस्नान,” मी खालच्या आवाजात म्हणालो.

“आम्ही व्हॉल्व्ह घासायला बाजारातून पेस्ट आणतो. तुम्ही घरी बनवलीत.”

डिझेलच्या फडक्याने त्यांनी चेन पुसून काढली, वाळू दिली आणि कडीकडीवर एकेक थेंब तेल सोडले. मग ते बाहेरून पुन्हा पुसूनही टाकले. मी विचारले तेव्हा म्हणाले, “तेल पिनेला लागतं, पत्रीला नाही. बाहेर राहिलं ते धूळच धरणार.” वाचकहो, चेनला तेल घालणारा प्रत्येक गृहस्थ, मी धरून, नेमके याच्या उलट करतो.

चेन हा दिसतो तितका साधा प्रकार नाही. हान्स रेनोल्ड या गृहस्थाने मँचेस्टरला 1880 साली रूळ बसवलेली जी चेन काढली, तिचीच ही संतती. दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, आणि जगभरच्या सायकलींना आजही तेच. त्यामुळे ती तपासायला पोलादी फूटपट्टी पुरते. चाचांनी ती लावून दाखवली. 24 कड्या बरोबर 12 इंच भरल्या पाहिजेत. पिना झिजल्या की चेन लांबते. एक सोळांश इंच वाढली की बदलायची. एक अष्टमांश होईपर्यंत ओढली तर ती मागचे दातेही खाऊन बसते आणि खर्च दुप्पट होतो. माझी सोळांशाच्या रेषेला टेकली होती.

“घरी गेल्यावर बदला,” चाचा म्हणाले. “आज चालेल.”

राहिला गिअर. लहानपणी आम्ही तासाच्या भाड्याने सायकली घेत असू. त्यांना गिअर नावाची भानगडच नव्हती. चढ आला की उतरायचे, हाच गिअर. फ्रान्सच्या त्या जगप्रसिद्ध शर्यतीतसुद्धा चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्राला 1937 सालापर्यंत मज्जाव होता. पुढेही कित्येक वर्षे स्वार दांडा सरकवून अंदाजाने गिअर लावीत. 1980 नंतरच्या दशकात जपानी कारखानदारांनी खटक्याचे गिअर रूढ केले, आणि तेव्हापासून अंदाज संपला. माझ्या आठ गिअरांच्या सायकलीत एका खटक्याला तार सुमारे 2.8 मिलिमीटर ओढली जाते, आणि तेवढ्यावर मागचा डिरेलर एका दात्याचे अंतर, म्हणजे 4.8 मिलिमीटर सरकतो. तार गंजून एक मिलिमीटर अडली की चेन दोन घरांच्या मध्ये लटकते. ‘चर्र’ आवाज तो हाच.

चाचांनी तारेच्या टोकाशी असलेला बारीक फिरता नट पाव पाव फेरा फिरवून पाहिला. चेन मोठ्या दात्यावर चढायला कुरकुरत असेल तर तार थोडी ताणायची, लहानावर उतरायला कुरकुरत असेल तर सैल सोडायची, एवढाच नियम. पण लहान दात्यांवर बसवावे तर मोठ्यांवर बिघडे, मोठ्यांवर बसवावे तर लहानांवर बिघडे. त्यांनी हात थांबवला, मागे जाऊन उकिडवे बसले आणि एक डोळा मिटून पाहिले.

“मास्तर, सायकल पडली होती?”

“नाही.”

“उजव्या अंगावर?”

मी गप्प राहिलो. शाळेत तीस वर्षे मी हाच प्रश्न ह्याच आवाजात मुलांना विचारला होता, आणि तीस वर्षे तीच मुले अशीच गप्प राहिली होती.

“रत्नागिरीला. गाडीतून उतरवताना,” मी शेवटी म्हणालो.

डिरेलर ज्या पत्रीला टांगलेला असतो, ती पत्री आत वाकली होती. वरून दिसू नये इतकीच. “तार कितीही ताणा,” चाचा म्हणाले, “खुंटीच वाकडी असेल तर सदरा सरळ टांगणार कसा? आणि तुम्ही तावसाळच्या चढाला सगळ्यांत हलका गिअर टाकला असतात, तर हा डिरेलर चाकाच्या तारांत गेला असता. चाक जागच्या जागी अडकलं असतं, आणि तुम्ही रस्त्यावर.”

मला आरे-वारेचा चढ आठवला. खालचा समुद्र आठवला. त्या चढावर तो गिअर लागेना म्हणून मी सायकलला नावे ठेवली होती.

पुढे चाचांनी जे केले ते मी शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिले नव्हते. डिरेलर काढला. त्या भोकाचा आटा 10 मिलिमीटरचा, बारीक. त्यांच्या डब्यात डिझेलच्या नळीचा पोकळ बोल्ट होता, त्याचा आटा नेमका तोच. त्या बोल्टाने त्यांनी फूटभर लांबीची भोक पाडलेली लोखंडी पट्टी पत्रीला लावली. पट्टीचे टोक चाकाच्या कडेपाशी पोचले. मग झाडूतली माडाची एक हीर काढून, पट्टी वर असताना तिचे टोक आणि कड यांत किती फट राहते ती मोजली आणि तेवढी हीर मोडली. पट्टी खाली फिरवली, चाकही फिरवून कडेचा तोच बिंदू खाली आणला. येथे हीर शिरेना. फट बोटभर कमी.

“ही तुमची रत्नागिरी,” चाचा म्हणाले.

पट्टीच धरून त्यांनी पत्री बाहेर ओढली. जोराने नव्हे. एकदा दाब, एकदा हीर. पुन्हा दाब, पुन्हा हीर. हा धातू ॲल्युमिनियमचा, एकदा सरळ होतो, दुसऱ्यांदा तुटतो, असे ते सांगत होते. खाडीवर फेरीबोटीचा भोंगा झाला. ती पलीकडून सुटली होती. मी घड्याळ पाहू लागलो.

“मास्तर, बोटीकडे बघा किंवा किल्ल्याकडे बघा. माझ्या हाताकडे नको.”

मी किल्ल्याकडे पाहिले. गावात अशी कथा सांगतात की हा किल्ला बांधताना बुरूज काही केल्या उभा राहीना, तेव्हा जयबा नावाच्या तरुणाने स्वतःचा बळी देऊ केला. त्याच्या नावावरून जयगड, आणि त्याचे स्मारक आत आहे. इतिहास काय म्हणतो, ते इतिहासकार जाणोत. मला मात्र त्या धक्क्यावर बसून एवढेच वाटले की काम हातात घेतले की ते उभे राहीपर्यंत न सोडणारी माणसे या गावाला नवी नाहीत.

वर-खाली-मागे तिन्हीकडे हीर सारखी बसली, तेव्हा चाचांनी डिरेलर परत चढवला. दोन बारीक स्क्रू असतात. एक चेनला लहान दात्यापलीकडे पडू देत नाही, दुसरा मोठ्या दात्यापलीकडे चाकात जाऊ देत नाही. ते आधी बांधले, आणि तारेला सगळ्यांत शेवटी हात लावला. तारेचे मागचे वळण गंजले होते. तेथे आवरणातून तार ओढून पुसली, तेलाचा हात फिरवला. मग खटका. एक, दोन, तीन, चार. चेन एकेक पायरी चढली, एकेक उतरली. आवाज म्हणावा तर फक्त फ्रीव्हीलचा.

बोट धक्क्याला लागत होती. मी पाकीट काढले. चाचांनी तेलाचे आणि बोल्टाचे म्हणून पन्नास रुपये घेतले. बोल्ट त्यांच्याच डब्यात परत गेला होता, हे मला बोटीवर चढल्यावर आठवले. मी आणखी देऊ लागलो तर हात मागे घेतला.

“बहिणीच्या ताटात टाका. आणि ऐका, ती पत्री नवी बसवेपर्यंत सगळ्यांत हलका गिअर टाकू नका. तावसाळचा चढ चालत चढा.”

“चाचा, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?”

ते हसले. “आमचं दीपगृह 1932 सालचं. ओतीव लोखंडाचं. समुद्राच्या तोंडावर उभं आहे. रंग देतात, म्हणून आहे. दर वर्षी हात फिरवावा लागतो, मास्तर. लोखंड आहे ते.”

फेरीबोट सुटली. मोटारी, मोटारसायकली, भाऊबीजेला निघालेल्या माहेरवाशिणी, त्यांच्या कडेवरची पोरे, आणि मधोमध माझी सायकल. खाडीच्या मध्यावर किल्ला पूर्ण दिसला. उन्हे तिरपी झाली होती आणि जांभा तांबूस पेटला होता. दहा माणसांनी फोटो काढले. मी चेनवर हात ठेवून उभा होतो.

तावसाळचा चढ मी चालतच चढलो. पुढे नरवणच्या रस्त्याला सायकलवर बसलो, आणि सकाळपासून प्रथमच मला लाटा ऐकू आल्या. त्या दिवसभर शेजारीच होत्या.

हेदवीला पोचलो तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. आक्का पायरीवर उभी होती. पाट मांडलेला, ताटात निरांजन तयार, फक्त लावायचे राहिलेले. सात वर्षांत तिचे केस सगळे पांढरे झाले होते. हे मोबाइलवर दिसले नव्हते. मी घंटी वाजवायची विसरलो.

“किती उशीर रे, बाळ,” ती म्हणाली.

“चेन वाजत होती गं. जयगडला दुरुस्त करून घेतली.”

“आणि गेली सात वर्षं?”

मी पाटावर बसलो. तिने निरांजन लावले. चाचांचे पैसे मी आधी ताटात टाकले, मग माझे.

निघताना चार दिवसांनी आक्काने डब्यात करंज्या दिल्या आणि वर एक बाटली. खोबरेल होते. “डोक्याला लाव,” ती म्हणाली, “सायकलला नको.” परतीच्या वाटेवर जयगडला धक्क्यावर चाचा नव्हते, त्यांचा मचवा दर्यावर गेला होता. करंज्यांतल्या निम्म्या मी शेजारच्या पोराजवळ त्यांच्यासाठी ठेवल्या.

नवी पत्री घरी येताच बसवून घेतली, चेनही बदलली. जुनी अजून खिळ्याला टांगलेली आहे, लाल दोऱ्यासकट. यंदाची भाऊबीज तोंडावर आली आहे. काल सायकल उलटी करून मी फूटपट्टी लावली. 24 कड्या, बरोबर 12 इंच. आक्काला कळवले आहे.